साहेबांच्या मुठीचा मुटका

सूर्यमाळच्या मावशींमुळे मी जव्हारात टिकलो, हे आधी सांगून टाकतो. काय घडलं ते मागाहून. नाहीतर लोक गोष्ट ऐकून हसतात आणि मावशींचं राहूनच जातं.

मावशी म्हणजे सरकारी बंगल्यावरच्या स्वयंपाकीण. संस्थान विलीन होऊन फार काळ लोटला नव्हता. फाटकावर सरकारी पाटी लागली होती, पण बाजारात त्याला अजून पाहुण्यांचा बंगलाच म्हणत. मी तिथे झाडलोट करायचो, पाणी भरायचो, तेही कच्च्या नोकरीवर. गाव माझं पार बार्शीकडे. शाळा सहावीतच सुटलेली आणि घरी थोरल्या भावाच्या संसारात मी एक जास्तीचं तोंड. परत पाठवतील या धास्तीने मी कपबशी खाली ठेवतानासुद्धा श्वास धरायचो.

पाऊस ओसरला तसे मोजणी खात्याचे एक साहेब लांबच्या मुक्कामाला आले. बंगल्याचा कारभारही त्यांच्याकडेच आला. पूर्वी पलटणीत होते, तिथे गोल्फ शिकलेले. मागच्या माळावर गुरं चरत, त्यांच्यामधून साहेब पांढरा चेंडू हाणत. गुरं मान वर करून बघत आणि पुन्हा चरायला लागत.

गोल्फच्या काठ्या कोठीत ठेवल्या होत्या. तिथल्या उंदरांनी त्यांच्या मुठींवरचं कातडं खाल्लं. खालच्या चिंध्यासुद्धा ठेवल्या नाहीत. साहेबांनी मुंबईहून कातड्याच्या नव्या पट्ट्या मागवल्या, पण त्या गुंडाळणार कोण? बाजारातल्या चपला शिवणाऱ्या काकांनी काठी उलटीसुलटी करून बघितली, "हिची टाच कुठली?" म्हणून विचारलं आणि परत दिली.

"इथं कुणाला येतं का हे?" साहेब अंगणात गरजले.

"ह्याला येतं की," मावशींनी चुलीपाशी बसूनच माझ्याकडे पळी रोखली.

साहेब आत गेल्यावर मी रडकुंडीला आलो. "मावशी, मला कुठं येतं?"

"गावाला चाबकाला वादी गुंडाळली हायेस का नाय?"

"गुंडाळली आहे."

"मंग? ह्यो साहेबाचा चाबूक. बैल नाय, एवढाच फरक."

गुंडाळणं खरंच जमण्यासारखं होतं. अडचण जाडीची होती. कातड्याखाली चिंधीचे वेढे द्यायचे, आणि मूठ किती जाड व्हायची ते त्या वेढ्यांवर. माझ्या हाताला बरी वाटेल अशी एक मूठ मी केली. साहेबांनी ती धरली आणि म्हणाले, "अरे, ही काडी आहे काडी! बोटं तळव्यात रुततात. नीट कर. आणि सारखं विचारायला येऊ नकोस."

झालं. विचारायचं नाही आणि नीट करायचं.

"कोयत्याचा दांडा कसा बघतात?" मावशींनी मला विचारलं. त्यांच्या पाड्यावर जो तो आपापल्या हाताचा दांडा घालून घेतो, दुसऱ्याचा कोयता धरत नाही. "मूठ मिटली की बोटांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला नुसती टेकली पायजेत. रुतली तर बारीक. लांब राह्यली तर जाड."

"पण साहेबांची मूठ आणू कुठून?"

"मी आणते की," मावशी म्हणाल्या, आणि नाचणीच्या पिठाची उकड काढायला बसल्या. त्यांचा चेहरा इतका भाबडा झाला की काहीतरी शिजतंय हे मी ओळखलं.

संध्याकाळी ताटलीत उकडीचा गोळा घेऊन त्या व्हरांड्यात गेल्या. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन.

"साहेब, नवी नाचणी आलीय. आमच्याकडं पहिला मुटका घरातल्या मोठ्या माणसानं वळायचा असतो."

असली चाल ना जव्हारात होती, ना मावशींच्या मोखाड्यात. पण घरातलं मोठं माणूस म्हटल्यावर साहेब खुलले. त्यांनी उजवा हात पुढे केला. मी घाबरत घाबरत कुजबुजलो, "मावशी, काठीवर वरचा हात डावा असतो."

"डावा हात द्या, साहेब."

"डावा? खायच्या वस्तूला?"

मावशींनी ताटली त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवली. "पहिला मुटका डाव्या हाताचाच असतो. दृष्ट लागत नाय."

साहेबांनी डाव्या हातात गोळा दाबला. बोटांच्या खुणा लख्ख उमटल्या. मूठ आमच्या ताटलीत आली होती! पण आम्ही माघारी वळतो न वळतो तोच साहेब म्हणाले, "रात्री मला वाढा हं तो. माझ्या हातचा आहे."

मुटका म्हटला की तो वाफवायचा, आणि मावशी बोलता बोलता हाताच्या सवयीने तो चाळणीत ठेवून मोकळ्या झाल्या. साहेबांच्या पानात जायच्या आत मी त्याच्याभोवती दोरा धरून माप घेतलं आणि त्या मापाने चिंध्यांचे वेढे दिले. कातडं ओढून ताणून गुंडाळलं. मला तर फार सुरेख वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काठी फिरवली. चेंडू समोर जायचा सोडून उजवीकडे वळला, एका म्हशीच्या पाठीवरून गेला आणि दरीत दिसेनासा झाला.

"काठी आहे का मुसळ?" साहेब लालबुंद झाले होते. "बोटं मिटतच नाहीत! उद्यापर्यंत झालं नाही तर एसटीत बस आणि घरी जा."

मी धावत जाऊन मावशींना सगळं सांगितलं. भावजयीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मावशी चाळणीकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. "मेला वाफेवर फुगला की रं!"

पुन्हा उकड काढली. या वेळी मापाचा दोरा आधीच खिशात कोंबून मी मावशींच्या मागे व्हरांड्यात गेलो.

"साहेब, कालचा मुटका फुकट गेला. परत वळायला लागतोय."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. एकदा ताटलीकडे, एकदा माझ्या खिशातून लोंबणाऱ्या दोऱ्याकडे पाहिलं. "बाई, हा मुटका कुठल्या देवाचा?"

"काठीच्या देवाचा, साहेब," मावशी म्हणाल्या. "ह्या पोराला घरी धाडू नका. जाडी त्याची नाय, वाफेची चुकली. आणि वाफ माझी."

मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. वरून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग लक्षात आलं की साहेब हसताहेत. "अरे, मूठच हवी होती तर मागायची!" त्यांनी डावा हात पुढे केला आणि गोळा दाबला. "घे. हा मात्र वाफवू नका."

कच्च्या मुटक्यावरून माप घेतलं, चिंध्यांचे वेढे उतरवले. साहेबांनी मूठ धरली तेव्हा बोटांची टोकं गादीला नुसती टेकली. चेंडू सरळ गेला. इतका सरळ की माळ ओलांडून पुन्हा दरीतच पडला. साहेबांना त्याचं दुःख झालं नाही. म्हणाले, "बाकीच्या काठ्याही कर. राहा इथं."

पुढे बंगल्यावर येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला साहेब गंभीर चेहऱ्याने डाव्या हाताचा पहिला मुटका वळायला लावत. ही इथली जुनी चाल आहे म्हणून सांगत. एका पाहुण्याने तर ती वहीत लिहून नेली.

साहेबांची बदली झाली. मी पक्का झालो. मावशींचे गुडघे धरले, म्हणून मुलगा त्यांना सूर्यमाळला घेऊन गेला. परवा बाजारात त्यांच्या पाड्यावरचा माणूस भेटला. म्हणाला, उन्हाळ्यात खालच्या झऱ्यावरून पाणी आणायला म्हातारी अजून स्वतःच उतरते, कुणाचं ऐकत नाही.

मावशी, यंदा बंगल्यावर माणूस कमी आहे, रजा मिळायची नाही. पण एक ना एक उन्हाळा मी अख्खा तुमच्या पाड्यावर काढीन. त्या उन्हाळ्यात तुम्ही झऱ्यावर उतरायचं नाही. ओट्यावर बसून मला शिव्या घालायच्या, आणि हंडे मी वाहीन.