गालगुंडानं नेलेला कान

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. टाकव्याला नांदायला जाऊन मला दोन वर्षं झाली होती. थोरल्या जावेच्या लेकीला गालगुंड झालं, तेव्हा तिला मांडीवर घेऊन मीच बसायचे. ती बरी झाली आणि माझे गाल सुजले. सासूनं लेप लावला, सूजही उतरली. पण एका सकाळी उठले तर डावा कान मेलेला. आत नुसती किर्रकिर्र, आणि उभी राहिले तर घर गरगरलं.

सासू डाव्या अंगानं हाक मारी. मी वळले नाही की म्हणे, "मस्ती आलीय हिला." कुणीतरी सांगितलं म्हणून कानात कढत तेल ओतलं. कातडं पोळलं, ऐकू काही आलं नाही.

शेवटी आई मळवलीहून आली आणि मला लोणावळ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी चिमट्यासारखं लोखंडी काहीतरी ठोकून कानामागं धरलं. म्हणाले, "गालगुंडाचं विष कधी कधी कानाच्या शिरेत उतरतं. मग कान एका रात्रीत जातो."

"माघारी यील का ओ?" आईनं विचारलं.

"नाही, बाई. दुसरा शाबूत आहे, तो जपा."

आईनं टाकव्याला येऊन हेच सांगितलं. सासरे उसळले. "गालगुंड आमच्या पोरीलाबी झालतं. तिचा कान कुटं गेला? भैरी पोर तुमी आमच्या गळ्यात मारली."

"पाव्हणं, लग्नात भैरी व्हती व्हय ती? तुमच्या लेकालाच इचारा."

सगळे माझ्या नवऱ्याकडे बघू लागले. पहिल्या वर्षी तो भातखाचराच्या पल्याडून हळूच शीळ घाली, आणि लावणीच्या इतक्या बायांत ती मलाच ऐकू येई. त्याला सगळं ठाऊक होतं. तो खाली बघत म्हणाला, "मला काय म्हाईत?"

आई मला घेऊन निघाली. कुणी अडवलं नाही. सुगी झाल्यावर त्यानं दुसरी केली.

मी माहेरीच राहिले. भावाच्या खाचरात राबले, बंगल्यांवर भांडी घासली. भावजय चिडली की डाव्या बाजूला उभी राहून शिव्या द्यायची. मी तिच्या ओठांकडे बघून सगळ्या वाचायचे.

बऱ्याच वर्षांनी टाकव्याहून नवरा गेल्याचा निरोप आला. भाऊ म्हणाला, "जातीस का?"

मी भात कांडत होते. "न्हाई," म्हणाले.

आई म्हातारी झाली होती. ती हळूच म्हणाली, "कुकू तरी पूस गं."

"त्यांनी पुसलंय कवाच," मी म्हणाले, आणि मुसळ उचललं.