सहा डिसेंबरचा उपवास

बर्लिन मला आवडलं नाही. कोणी विचारलं की मी थंडीचं कारण सांगते. थंडी होतीच म्हणा, ओली, हाडात शिरणारी, आणि दुपारी चारला अंधार. पण खरं कारण एक बाई आणि एक कप चहा आहे. आज इतक्या दिवसांनी लिहायला बसले तरी माझं डोकं तडकतं.

त्या हिवाळ्यात आई पहिल्यांदाच माझ्याकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला आली होती. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी गेली. वाल्डॉर्फमध्ये तिला दाखवायचं काय, तर ऑफिसं आणि पार्किंग. माझ्या टीममधल्या एका मराठी मित्राची आईही तेव्हा आलेली होती. तो म्हणाला, सगळे मिळून बर्लिनला जाऊ, ख्रिसमसचा बाजार बघू, एकच फ्लॅट घेऊ. तो, त्याची बायको, त्याची आई आणि आम्ही दोघी. आईने एकच अट घातली. "सहा डिसेंबरला सकाळी मला पांढरं नेसून मेणबत्ती लावायची आहे. बाकी कुठं फिरवायचं तिथं फिरव." महापरिनिर्वाण दिन तिने कधी चुकवलेला नव्हता, वडील गेले त्या वर्षीसुद्धा नाही. मी म्हटलं, त्यात काय एवढं, लाव की.

मानहाइमहून गाडी सुटली आणि काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने, आधी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर'. त्यातून माणूस कुठलाही निघू शकतो. काकूंनी आपल्या सोयीचा काढला आणि निश्चिंत झाल्या. मग काय विचारता! आईच्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, सगळ्यावर आडवा हात. "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे हो!" आई खूश. लेकीच्या परदेशात तिला बोलायला माणूस मिळालं होतं.

मित्र तेव्हा मला त्याचं रडगाणं ऐकवत होता. तो मोठं घर शोधत होता. "वोनुंगसाठी अर्ज केला की उत्तरच येत नाही गं. जर्मन नाव असतं तर लगेच बोलावलं असतं. नुसतं आडनाव बघून ठरवतात हे लोक." मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. खरंच होतं ते, माझ्याही वाट्याला आलेलं.

फ्लॅटमध्ये टेबलावर मालकिणीने हिरव्या डहाळ्यांचं कडं ठेवलं होतं, त्यात चार मेणबत्त्या. नाताळच्या आधी दर रविवारी एकेक पेटवत जायची, अशी इथली रीत. काकूंनी पहिल्याच संध्याकाळी चारही पेटवल्या. "अगंबाई, दिवाळीच की गं ही!" फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. आईने पिठलं केलं, ते काकूंनी दोनदा मागून घेतलं. "ताई, उद्या नाश्त्याला तुमच्या हातचे पोहे," असं बजावून झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सहा तारीख. आई सगळ्यांच्या आधी उठली. आंघोळ करून पांढरी साडी नेसली, वरून माझा स्वेटर. टेबलाच्या कोपऱ्यावर पर्समधून जपून आणलेला फोटो ठेवला. निळ्या सुटातला, चष्म्याचा, हातात पुस्तक असलेला. महाराष्ट्रात तो फोटो ओळखत नाही असा माणूस नाही. समोर मेणबत्ती लावली, हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी शेजारी हात जोडून उभी होते. मग तिने चहा टाकला. आईचा चहा नेहमी एक कप जास्तीचा असतो. कोणी येईल, म्हणते. वाल्डॉर्फला माझ्या दारात न सांगता कुत्रंही येत नाही, तिथेही तिचा एक कप जास्तीचाच.

काकू बाहेर आल्या. "अगंबाई, पांढरं? कोणी गेलं का तुमच्यात?"

"नाही हो, आज महापरिनिर्वाण दिन," आई हसून म्हणाली.

काकूंनी फोटोकडे पाहिलं, मग आईकडे, पुन्हा फोटोकडे. काल काय काय खाल्लं याची उजळणी त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. आईने कप पुढे केला.

"नको, माझा आज उपवास आहे."

कसला उपवास? पोह्यांची फर्माईश करून झोपलेल्या बाईला सकाळी उठून कसला उपवास लागला? आणि उपवासाला चहा कधीपासून चालेनासा झाला? मी विचारलंसुद्धा. त्या "असतो एक" म्हणाल्या आणि खोलीत गेल्या. आत मायलेकांची कुजबुज झाली. मित्र बाहेर आला, नजर छताला. "आल्झो... ती मेणबत्ती विझवूया का? वर रौखमेल्डर आहे. धुराने वाजला तर फायर ब्रिगेड येते इथे."

"काल चार जळत होत्या, तेव्हा तुझा तो भोंगा झोपला होता का रे?"

मी आणखी बोलणार होते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण आईने हात पुढे केला आणि वात चिमटीत धरून विझवली. फुंकली नाही. "परक्या गावात तमाशा नको," म्हणाली, आणि फोटो आणि मेणबत्ती रुमालात गुंडाळून ठेवली. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, मला बाजूला घेऊन म्हणाली, "आईंचं मनावर घेऊ नकोस गं. जुनी माणसं. आम्ही काही मानत नाही." मानत नाही म्हणे! तिचा स्वतःचा चहा ओट्यावर तसाच होता, साय धरलेला.

दुपारी बाजारात गेलो. मला परत फिरायचं होतं, पण आई म्हणाली, आलोय तर बघू. दिवे, गर्दी, गरम वाइनचा वास. काकूंना भूक लागली. एका टपरीवर बटाट्याचे घावन तळत होते. "बटाटा चालतो ना उपवासाला," वहिनीने लगेच तोडगा काढला. टपरीवाला एका हाताने सुटे पैसे घेत होता, दुसऱ्या हाताने घावनाच्याच उलथन्याने शेजारचे सॉसेज परतत होता.

"काकू, त्यात कांदा आहे, अंडं आहे, आणि उलथनं सॉसेजचं आहे," मी चांगलं मोठ्याने सांगितलं.

"असू दे गं. परदेशात एवढं कुठं पाळायचं!"

वा रे वा! अंडं माफ, सॉसेजचं उलथनं माफ. फक्त अकोल्याच्या नर्सच्या हातचा चहा तेवढा माफ नाही. आईने माझी बाही ओढली. "जन्मभर बाळंतपणं केली मी. कळा सुरू झाल्या की कुणाचा उपवास नसतो गं," म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला दुप्पट आला.

मी मित्राला गाठलं. "आडनाव बघून घर देत नाहीत म्हणून काल रडत होतास ना? तुझ्या आईने आज काय केलं?"

"ते वेगळं आहे गं. तू दोन गोष्टी मिक्स करतेयस."

"काय वेगळं आहे? सांग ना!"

त्याने वाइनचा कप दोन्ही हातांत धरला आणि दिवे बघू लागला. ऑफिसात हाच माणूस भेदभावावर तासभर बोलतो.

अंधार पडल्यावर परतलो, पायांची बोटं बधिर झालेली. आईने हात धुतले, रुमाल सोडला, टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर फोटो ठेवला आणि मेणबत्ती पुन्हा लावली. मी मित्राकडे रोखून बघत होते, बोल आता, काढ तुझा रौखमेल्डर. तो वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसला. आई ओट्याकडे वळली, आधण ठेवलं, आलं ठेचलं. घरभर वास सुटला. काकू शाल गुंडाळून सोफ्यावर कुडकुडत होत्या.

"ताई, मलाही घोटभर द्या हो. एवढ्या थंडीत काय होतंय!"

"अहो, तुमचा उपवास मोडेल ना," आई म्हणाली. "मी आम्हा दोघींपुरताच टाकलाय."

मी पातेल्यात डोकावले. खरंच दोनच कप होता.

क्षणभर मला वाटलं, चला, झाली फिट्टंफाट, आता तरी जिवाला थंड वाटेल. पण आई मेणबत्तीसमोर बसली आणि तिच्या हातातला चहा तसाच निवत राहिला. मेणबत्ती जळून संपेपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही. कोणी जवळ आलं नाही.

वाल्डॉर्फला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर आई कपाने मोजून पातेल्यात पाणी ओतत होती. एक माझा, एक तिचा. मग तिने नळ बंद केला. त्या बाईने मेणबत्ती विझवायला लावली, ते मी एक वेळ सोडून देईन. हे सोडणार नाही.