दोन हजारांत श्वास येत नाही

किस्से काय कोणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे जमतात तसे ते जमतात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. आमच्या भजनी मंडळाला किती अभंग पाठ आहेत असं विचारलंत तर आम्ही जरा चाचरू. पण हेडफोनचं नाव काढा, दोन कप चहा संपेल तरी आम्ही थांबणार नाही!

मंडळ आमचं लालबागचं. चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीत दर रविवारी सकाळी बसतं. बहुतेक सगळे कोकणातले, वडील गिरणीत आणि मुलं कुठे कुठे नोकरीला. पेटीवर सावंतबुवा. परळच्या शाळेत मास्तर होते, रिटायर झाले, पण छडी फक्त हातातून गेली, जिभेवर अजून आहे. नवीन चाल बसवायची असली की बुवा रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकतात आणि आम्ही ते घरी ऐकून यायचं. आम्ही ऐकायचो कसं? मोबाईल ओट्यावर ठेवून, बाजूला कुकरच्या शिट्या!

एका रविवारी आमचं गाणं ऐकून बुवांनी पेटीचा भाता बंद केला.

"मोबाईलच्या स्पीकरवर ऐकता, म्हणून मोबाईलसारखेच गाता! पुढच्या महिन्यापर्यंत प्रत्येकाने चांगला हेडफोन घ्यायचा. बजेट दोन हजार. वर गेलात तर तुमच्या बायका मला बोलतील आणि फार खाली गेलात तर मी तुम्हाला बोलीन!"

झालं. इथून सुरुवात.

* * *

बाकीच्यांनी बुवांच्या धाकाने हेडफोन शोधला. माझं कारण वेगळं होतं. माझं कारण म्हणजे आबा, माझे वडील.

आबा बत्तीस वर्षं गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो माग एकदम खडखडायचे, माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. त्या आवाजाने कान हळूहळू नेले. जाड आवाज राहिले, बारीक गेले. म्हणजे पखवाज ऐकू येतो, टाळ नाही. आणि आबा आमच्या मंडळाचे टाळकरी!

अकरा वर्षांपूर्वी एका सत्यनारायणाला आमचा अभंग संपला आणि आबांचा टाळ तसाच चालू राहिला. कोणी हसलं नाही. आबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच्यात गुंडाळलेले टाळ माझ्या हातात दिले. "आता तू वाजव," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते दर रविवारी येतात, भिंतीला टेकून बसतात आणि आमच्या हातांकडे बघत मान डोलवतात. कानाचं मशीन घेतलंय, पण ते कपाटात असतं. ते लावलं की भांडी कडाडतात आणि भजनाचा नुसता कालवा होतो म्हणे. एकदा, फक्त एकदा, आबांना एक अभंग टाळासकट ऐकू यावा, एवढंच मला हवं होतं. आबा एकोणऐंशीचे. मी कशाची वाट बघणार होतो?

* * *

पहिला हेडफोन आला पांडूचा. पांडू आमचा पखवाजवाला, बसवर कंडक्टर. ग्रँट रोडच्या बाजारात गेला, सेल्समन म्हणाला "एक्स्ट्रा बास आहे," आणि पांडू विरघळला. पखवाजवाल्याला बास म्हणजे मुंगळ्याला गूळ!

आठवडाभर पठ्ठ्याने तोच अभंग ऐकला. रविवारी आला तो छाती काढून. "बुवा, काय हेडफोन आहे! पखवाज असा वाजतो, छातीत धडधडतं. सगळ्या तिहाया पाठ झाल्या."

बुवा खूश. "शाब्बास. आता शब्द म्हण बघू."

पांडूने डोकं खाजवलं. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "बुवा, त्याच्यात शब्द होते?"

* * *

मग बुवा स्वतः निघाले. मला सोबत घेतलं. दादरला स्टेशनजवळ एक दुकान आहे, बोळकंच ते, पण मालक मोकळ्या मनाचा, हेडफोन लावून बघू देतो. त्याने आपलं ठरलेलं गाणं लावलं, धमधम धमधम. बुवांनी हात वर केला.

"तुमचं गाणं नको. माझं लावा. जे पाठ आहे तेच लावून बघायचं असतं. नवीन गाणं काय, कशातही चांगलंच वाटतं!"

हे वाक्य मी लिहून ठेवलंय. हेडफोन घेणाऱ्या प्रत्येकाला मी ते फुकट देतो.

बुवांनी आपल्या गुरूंचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. स्टुलावर मांडी घालून बसले, डोळे मिटले. एक हेडफोन, दुसरा, चौथा. प्रत्येक वेळी मान हलवून नाही.

मालकाने विचारलं, "काका, चाहिए क्या आपको?"

"आलापाच्या आधी ते श्वास घेतात. तो श्वास मला ऐकू आला पाहिजे."

"काका," मालक हात जोडून म्हणाला, "दो हजार में साँस नहीं आती!"

पण आली! सातव्या हेडफोनला. काळा, जाडजूड, वायरचा, दिसायला अगदी गबाळा. सतराशे रुपये. बुवा स्टुलावरून ताडकन उठले. कानांवर हेडफोन, त्यामुळे आवाजाचं भान नाही. "आला! श्वास आला!" असे ओरडले. शेजारच्या दुकानातून एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला दम्याचा अटॅक आला!

* * *

तोच हेडफोन तीन दिवसांनी बुवांनी परत नेला. "बास अजिबात नाही, पत्र्यासारखा वाजतो." मालकाने बिचाऱ्याने बदलून दिला. दोन दिवसांनी पुन्हा तक्रार. मालक म्हणाला, "काका, दुकान में तो साँस आ रही थी!"

शेवटी मंगेशला बोलावलं. मंगेश म्हणजे आमच्या मंडळातला जाणकार, लग्नाकार्यात साउंड सिस्टीम लावतो. तो बुवांच्या घरी गेला आणि म्हणाला, "बुवा, तुम्ही रोज ऐकता तसं ऐका बघू."

बुवांनी हात धुतले. हेडफोनला नमस्कार केला. आणि अभंग ऐकायचा म्हणून पांढरी टोपी घातली, भजनाला घालतात तशी, कानापर्यंत ओढून. तिच्यावर हेडफोन!

"बुवा, गादी टोपीवर बसतेय. फटीतून सगळा बास बाहेर चाललाय. टोपी काढा."

"टोपी काढून अभंग ऐकू?" बुवा असे बघत राहिले की जणू मंगेशने काही पाप सुचवलंय.

तडजोड झाली. टोपी आता दोन बोटं वर असते. आणि आमच्या ग्रुपवर मंगेशचा नियम कायमचा आहे: हेडफोन दुकानात बघताना चष्मा असेल तर तो घालूनच बघा, काडीनेही फट पडते, आणि टोपी घालत असाल तर टोपीही घेऊन जा!

* * *

फेब्रुवारीत शेजारच्या खोलीतल्या तन्वीची दहावीची परीक्षा आली. बुवा मास्तर, त्यांना परीक्षेची कदर. म्हणाले, "आवाज नको. सगळे हेडफोन लावून बसू आणि चाल नुसती मनात म्हणू."

आम्ही सात जण सतरंजीवर गोल बसलो. एक, दोन, तीन म्हणून सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर बटण दाबलं. काय शांतता! मला तर भरून आलं, आपली माणसं किती समजूतदार!

दहा मिनिटांनी दार उघडलं. दारात तन्वी, हातात भूमितीचं पुस्तक. मी हेडफोन काढला आणि मला कळलं. बाकीचे सहा जण डोळे मिटून, आपण मनात म्हणतोय अशा समजुतीने, मोठमोठ्याने गात होते! प्रत्येकाची ओळ वेगळी, पट्टी वेगळी, आणि पांडू मध्येच तोंडाने पखवाजाचे बोल टाकत होता.

तन्वी हात जोडून म्हणाली, "काका, प्लीज, तुम्ही पेटी घेऊनच बसा. मला त्याची सवय आहे. हे नाही सहन होत!"

पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे द्यायला आली तेव्हा बुवांच्या पाया पडली, हे तिचं मोठेपण.

* * *

आता आबा. त्यांना आधी मी कानात खुपसायचे छोटे इअरबड आणले. एक पहिल्याच दिवशी चहात पडला. दुसरा आबांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि शर्ट धुतला गेला. विषय संपला.

मग त्यांना घेऊनच दादरच्या त्या दुकानात गेलो. नवीन सेल्समन होता, मराठी मुलगा, उत्साही. त्याने एक चकचकीत हेडफोन काढला. किंमत बजेटच्या बाहेर, पण दाखवायला काय जातं?

"आजोबा, हा लावलात ना, की बाहेरचं काहीसुद्धा ऐकू येणार नाही!"

मी ते आबांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं. आबा त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

"बाहेरचा ऐकूक येणा नाय?" ते म्हणाले. "ता माझ्याकडे फुकट असा!"

दुकान हसलं, आबाही हसले. मी मात्र परत येताना फूटपाथवर मान खाली घालून चालत होतो. आबांनी खांद्यावर हात ठेवला. "जावंदे रे. माका दिसता मां सगळा." मला तेच नको होतं. नुसतं दिसायला नको होतं.

* * *

ही गोष्ट मी मंगेशला सांगितली. तो दुसऱ्या दिवशी घरी आला आणि म्हणाला, "आबांच्या कानाच्या तपासणीचा कागद दे."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी दिलेला आलेख होता. डावीकडून बरा आणि उजवीकडे घसरत गेलेला. मंगेशने तो बोटाने वाचला. "हा उतार आहे ना, आपण गाण्याला इथेच चढ देऊ." डॉक्टरबाईंना मी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, सगळा आवाज वाढवू नका, बारीक तेवढाच थोडा उचला, आणि थोडाच वेळ ऐकू द्या.

तीन रविवार मंगेश माझ्या घरी बसला. बुवांच्यासारखाच तो गबाळा काळा हेडफोन, कानाभोवती पूर्ण बसणारा. त्यातून मंडळाचंच एक रेकॉर्डिंग लावायचा, मोबाईलमधल्या जाड-बारीक आवाजाच्या पट्ट्या केसाएवढ्या वरखाली करायचा, आबांच्या चेहऱ्याकडे बघायचा, पुन्हा करायचा. लग्नसराईतले रविवार होते, त्याच्या धंद्याचे दिवस. मी म्हटलं तर म्हणाला, "गप रे. लहानपणी मला ठेका आबांनी शिकवला." ही माणसं मला कुठून मिळाली, मला माहीत नाही. पण मिळाली.

तिसऱ्या रविवारी दुपारी बुवा आणि पांडूही आले. आबांनी चष्मा काढून ठेवला. मंगेशने हेडफोन नीट बसवला आणि अभंग लावला.

पहिलं कडवं गेलं. आबांचा चेहरा नेहमीसारखाच. दुसऱ्या कडव्याला त्यांची मान डोलायची थांबली. हात वर आला आणि तसाच राहिला. डोळे भरले. आम्ही चौघं श्वास रोखून. सात मिनिटांचा अभंग, आबा हलले नाहीत.

संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला आणि माझ्याकडे वळले.

"टाळ तू वाजवतंस ह्यात?"

"हो आबा, मीच." मी कानाशी जाऊन म्हटलं. "आला ऐकू?"

"येलो. सगळो येलो." हेडफोन मांडीवर ठेवला. "धावतंस कित्याक रे? दर कडव्याक पुढे पळतंस!"

आबांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"अकरा वर्सां असोच वाजवतंस?" आबा म्हणाले. "तुझे हात बघून माका वाटला, बरोबर चलला हा!"

मी बुवांकडे बघितलं. बुवा छताकडे बघत होते. पांडूला अचानक मोबाईलवर काहीतरी महत्त्वाचं आलं होतं.

"बुवा! तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"अरे," बुवा म्हणाले, "समोर तुझा बाप मान डोलवत बसलेला असायचा. मी कोण बोलणार?"

आबांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला आणि मंगेशला खूण केली, परत लाव, सुरवातीपासना. मग माझा गुडघा जवळ ओढला आणि त्यावर दोन बोटांनी ठेका धरला. हळू. एकेक मात्रा.

"असो वाजव," आबा म्हणाले. "असो... आता तू."