सालकाच्या वाट्याचं पीठ

गाल्याची गोष्ट मी सांगायची म्हणजे तसा निर्लज्जपणाच आहे. पण आमच्या आळीत बोलणारी मीच, आणि गाल्या ही बाई स्वतःबद्दल कधी चार शब्द सलग बोलणार नाही. तेव्हा माझ्याकडूनच ऐका. मध्येच मी स्वतःची बाजू सावरायला लागले, तर ही मग्लाहा म्हातारी थापा मारतेय असं खुशाल समजा.

अल्जीरियातल्या तिंदूफ गावाच्या पुढं, वाळूत, आमची निर्वासितांची छावणी. लढाईतून पळून इथं आलो तेव्हा मी सात वर्षांची होते. आता मला नातवंडं आहेत आणि अजून छावणीच आहे. आमच्या आळीत अडतीस तंबू. महिन्याला मदतीचा ट्रक येतो, त्यातला शिधा वाटायचं काम बायकांचं, आणि आमच्या आळीत ते गेली अठरा वर्षं माझ्याकडे. गाल्याचा तंबू माझ्यापासून पाचवा. नवरा बुलाही फौजेत, सहा-सहा महिने तोंड दाखवत नाही. पदरी तीन मुलं. बाई उंच, काटक आणि मुलखाची अबोल. बायकांचे मेलहफे, म्हणजे अंगभर गुंडाळायची आमची लांब वस्त्रं, रंगवून देते, त्यामुळं बोटं बारा महिने निळी. लग्नात आम्ही सगळ्या टाळ्या वाजवून गात असलो की ही मागं बसून पातेली घासत असायची. मी म्हणायचे, या बाईला देवानं जीभ दिली ती फक्त जेवायला.

तिची धाकटी पोर सालका. सात वर्षांची झाली तरी चारची दिसायची. हातपाय काटक्या आणि पोट नगारा. खाल्लेलं अंगी लागायचं नाही, रोज जुलाब. चार पावलं चालली की आईच्या पदराला लोंबकळायची. औषधं सांगायला आम्ही सगळ्या हजर. कुणी डिंक सांगितला, कुणी सांडणीचं दूध. मी दृष्ट लागल्याचं ठरवलं आणि पोरीच्या पोटावर तापल्या लोखंडाचा डाग द्यायला लावला. त्याचा वण अजून आहे. आणि अंगात ताकद यावी म्हणून आम्ही तिला भरवायचो काय? गव्हाची भाकर, दुधात कुस्करून. वर सातूची पेज. पोर ओकायची, आम्ही पुन्हा भरवायचो.

आठव्या वर्षी ती उन्हाळ्यात इतर मुलांबरोबर स्पेनला गेली. दरवर्षी आमची मुलं जातात, तिथल्या लोकांच्या घरी दोन महिने राहतात. गाल्या तिला पाठवायला तयार नव्हती, वाटेतच काही झालं तर म्हणून. दोन महिन्यांनी पोरं परत आली, तेव्हा ट्रकवरून एक गुबगुबीत मुलगी उडी मारून खाली उतरली आणि गाल्याकडे धावत सुटली. आम्ही ओळखलंच नाही. गाल वर आलेले, पोट सपाट. गाल्यानं तिला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, इतकं वजन तिला सवयीचं नव्हतं.

पोरीबरोबर एक पेटी होती बिस्किटांनी भरलेली, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आमच्या दवाखान्यातल्या लेहबीबनं ती वाचून गाल्याला समजावलं. लेहबीब आमच्याच छावणीत वाढलेला, परदेशात डॉक्टरकी शिकून परत आलेला. तो म्हणाला, गव्हात आणि सातूत जो चिकटपणा असतो, तो या पोरीच्या आतड्याला विषासारखा आहे. भाकर बंद, गव्हाच्या रव्याची कुसकुस बंद, शेवया बंद. वर्षा-दोन वर्षांसाठी नाही, जन्मभर. चिमूटसुद्धा चालणार नाही. भात, मका, डाळ, दूध, मांस काय मिळेल ते द्या.

अहो, आमच्या शिध्यात असतं काय? गव्हाच्या पिठाची पोती. भाकरीनं कुणी आजारी पडतं हे आमच्या बापजन्मात कुणी ऐकलं नव्हतं. बायका म्हणाल्या, स्पेनमध्ये रोज मटण चापलंन, म्हणून बाळसं धरलं. भाकरीला उगाच बदनाम करतात. मीही त्यांच्यातच होते, किंबहुना पुढंच होते.

गाल्या मात्र त्या चिठ्ठीला चिकटून राहिली. सालकाचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं. शिध्याच्या मसुरीत गव्हाचे दाणे मिसळलेले असायचे, तर बाई दुपारभर मांडीवर परात घेऊन एकेक दाणा वेचत बसायची. स्वतः भाकर भाजली की हात घासून धुवायची आणि मगच पोरीला शिवायची. हे सगळं ठीक. पण आमच्यात जेवण एकाच मोठ्या थाळ्यात. सगळ्यांचे हात एका थाळ्यात पडले तर ते घर. वेगळी वाटी घेऊन बसतो तो भांडलेला माणूस. माझ्या नातवाच्या बारशाला अख्खी आळी जेवायला होती. कुसकुसचा थाळा आला आणि गाल्यानं पोरीला बाजूला बसवून घरून आणलेली भाताची वाटी उघडली. मला राहवलं नाही. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "गाल्या, आमच्या हाताचा विटाळ होतो का गं तुझ्या राजकन्येला?" सगळ्या हसल्या. सालकानं वाटी झाकली. गाल्यानं ती परत उघडून तिच्या हातात दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते पोतं आलं. लहानसं, मक्याच्या आणि तांदळाच्या पिठाचं, दवाखान्यानं खटपट करून मागवलेलं, दर महिन्याला यायचं होतं. वर चिठ्ठी शिवलेली: सालका, बुलाहीची मुलगी. लेहबीबनं मला बजावलं होतं, मावशी, हे पीठ नव्हे, औषध समजा. मी हो हो म्हटलं. आणि वाटपाच्या दिवशी ते पोतं फोडून मी अडतीस तंबूंत वाटलं. तंबूमागं एक वाटी.

का वाटलं ते सांगते, सुटका करून घ्यायला नाही. पहिल्या वर्षी इथं माशांचा एक डबा बारा तंबूंत जायचा. माझी आई चमचा घेऊन बसायची. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, आणि स्वतःचा वाटा शेवटी. त्यावर आम्ही जगलो. गोळ्या-औषधाची बाटली असती तर मी वाटली नसती, पण पीठ दिसलं की माझा हात आपोआप वाटी शोधतो. एका पोरीला अख्खं पोतं आणि बाकीच्या पोरांनी बघत बसायचं? मला ते पाप वाटलं. आपण न्याय करतोय या तोऱ्यात मी वाटी सपाट करून भरत होते.

गाल्याचा नंबर आला. तिनं वाटीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मावशी, हे सालकाच्या नावावर आलंय."

"नावावर?" मी म्हटलं. "इथं कुणाच्या नावावर वाळू तरी आहे का गं? आलं ते सगळ्यांचं."

रांगेत हशा पिकला. गाल्यानं वाटी घेतली आणि गेली. काय झकास बोलले मी, असं मला त्या दिवशी रात्रीपर्यंत वाटत होतं.

त्या पिठाची भाकर काही होईना. थापलं की तुटायचं, भाजलं की भुगा. पोरांनी थुंकून टाकलं. माझ्या सुनेनं ते शेळ्यांच्या पाटीत ओतलं, आणि बहुतेक तंबूंत तेच झालं. दोन दिवसांनी गाल्या दारोदार फिरायला लागली. पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात गव्हाच्या पिठाची पिशवी. ते दुसरं पीठ उरलंय का, उरलं असेल तर मला द्या, बदल्यात हे चांगलं घ्या. स्वतःच्या आणि मोठ्या दोन मुलांच्या वाट्याचा गहू ती देत होती. माझ्याही दारात आली. मी म्हटलं, "उशीर केलास गं, शेळ्यांनी हात मारला." आणि हसले. हो, हसले. ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या तंबूकडे वळली.

असं पाच महिने चाललं. दर महिन्याला पोतं, दर महिन्याला वाट्या, आणि दर महिन्याला गाल्याची फेरी. बायका तिला लोभी म्हणायला लागल्या. स्पेनची पेटी कधीच संपली होती. सालका पुन्हा दिसेनाशी झाली, तंबूतच पडून असायची. ते मला दिसत नव्हतं असं नाही. तरी म्हटलं नव्हतं का, हा सगळा स्पेनच्या मटणाचा प्रताप होता, असं मी शेजारणीला सांगितलं.

सहाव्या महिन्यात लेहबीब माझ्या तंबूत आला. मी चहा ठेवला. तो फार चिडलेला होता. म्हणाला, सालकाचं वजन चार किलोनं उतरलंय, रक्त पाण्यासारखं झालंय, असंच चाललं तर ही पोर पुढचा उन्हाळा काढणार नाही. त्यानं गाल्याला बोलावून विचारलं होतं, महिन्याला पोतं येतं ते जातं कुठं? गाल्या म्हणाली होती, घरातच संपतं, मोठी मुलं खातात, माझ्याच्यानं त्यांना नाही म्हणवत नाही. लेहबीबनं तिला नको नको ते सुनावलं होतं. तू आई आहेस की कोण, असं विचारलं होतं. ती खाली मान घालून ऐकून गेली. आता त्याला वाटत होतं की आळीतल्या वडीलधाऱ्या बाईनं तिला चार शब्द सांगावेत.

"तुमचं ऐकेल ती, मावशी. तुम्हीच सांगा तिला."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सांगते हो बाबा, तू काळजी करू नकोस." पहिला पेला त्याच्या हातात दिला आणि म्हणाले की सांगते. तो चहा प्यायला, मीही प्यायले. गाल्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. आळीनं तिच्या पोरीच्या तोंडचा घास वाटून खाल्ला, हे बाहेरच्याला सांगायची तिला लाज वाटली, आणि ती लाज माझ्या वाट्याची होती. दुसरा पेला ओतायला घेतलेली किटली मी खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. वाट्या, रांग, माझा तो विनोद.  लेहबीबनं विचारलं, "तुमच्या तंबूत त्या पिठाचं काय केलंत?"

"शेळ्यांना घातलं."

 त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तो उठताना मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, आळीत हे सांगू नकोस, मीच सांगेन. तो विश्वासानं हो म्हणाला.

पण मी सांगितलं नाही. पुढच्या वाटपाला सगळ्या बायका उभ्या होत्या, शब्द तोंडाशी आले होते. माझं चुकलं, बायांनो, एवढंच म्हणायचं होतं. आणि मी घसा खाकरून म्हणाले, "वरून हुकूम आलाय, हे पोतं आता थेट गाल्याकडे द्यायचं." कुरकुर झाली. गाल्याचं वर कुणाशी तरी साटंलोटं दिसतंय, असं कुणीतरी मागून म्हणालं, आणि तेही मी ऐकून घेतलं. गाल्यानं माझ्याकडे बघितलं. असा काही हुकूम आलेला नाही हे तिला पक्कं कळलं होतं. तिनं पोतं डोक्यावर घेतलं आणि गेली.

महिना गेला. सालका तंबूबाहेर येऊन बसायला लागली. मग एका दुपारी मी माझी दुभती शेळी घेऊन गाल्याकडे गेले. शेळी बाहेर बांधली. आत बसले आणि वाऱ्याबद्दल बोलले, ट्रकबद्दल बोलले, माझ्या गुडघ्याबद्दल तर फारच बोलले. गाल्या चहा करत होती. शेवटी म्हटलं, "गाल्या, माझं चुकलं गं. आळीसमोर म्हणायची छाती झाली नाही, म्हणून इथं म्हणते."

ती पेले धूत राहिली. धुता धुताच म्हणाली, "मी पण रांगेत होतेच की, मावशी. ओरडायला हवं होतं. लोक हावरी म्हणतील म्हणून लाजले. पोरगी झिजत होती आणि मी लाजत होते."

 

तेवढ्यात सालका आतून ताटली घेऊन आली. पाहुणा आला की पुढं काहीतरी ठेवायचं, हे आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. त्या पिठाची एक भाकर होती, तळहाताएवढी, कडा फाटलेल्या, वर तेल लावलेलं. महिना संपत आला होता, पोतंही संपत आलं असणार. पोरीनं ताटली माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "घ्या ना, आजी." तिची नजर भाकरीवरून हलत नव्हती.

पुढं आलेलं ताट आमच्यात कुणी नाकारत नाही. मी जन्मात कधी नाकारलं नव्हतं. मी म्हटलं, "नको गं बाळा, माझं पोट भरलंय." पाहुणा असं म्हणाला की घरच्या बाईनं निदान तीनदा आग्रह करायचा, हात धरायचा, रुसायचं. गाल्या अबोल खरी, पण उपासमारीच्या वर्षीसुद्धा तिच्या दारातून कुणी तोंडात घास न घालता गेलं नव्हतं.

गाल्यानं ताटली उचलली, भाकर फडक्यात गुंडाळली आणि सालकाच्या हातात दिली. मला एकदाही घ्या म्हणाली नाही.