मस्कतचे तीन तास

तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात फरिदाबीची हयात गेली. दारूच्या भुकटीत हात घालताना तिची छाती कधी धडधडली नाही. पण विमानाच्या दारात ती अडून उभी राहिली.

मस्कतला तिची लेक मदिहा सातव्या महिन्यातच दवाखान्यात पडली होती. रक्तदाब उतरत नव्हता. जावई अक्रमचा फोन आला, "अम्मी, ती तुमचंच नाव घेतीय." मक्केला जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट पेटीत होताच. अक्रमनं घाईघाईनं व्हिसा पाठवला आणि मुलगा सैफ तिला हैदराबादपर्यंत घेऊन आला.

"दोन हजार किलोमीटर हाय अम्मी. तीन तासांत पोचताल," तो म्हणाला.

"आरं, हैदराबादला यायलाच आमचा दिवस मोडला. अन् समिंदरापल्याड तीन तासांत?"

तरी ते तीन तास तिनं पदराला गाठ मारावी तसे मनात बांधून घेतले. विमान उडालं तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दहा वाजले होते. एक वाजला, की लेकीपाशी.

एक वाजून गेला. खिडकीखाली काळे ढग. विमान एका अंगावर कलून वळायचं, सरळ व्हायचं, पुन्हा वळायचं. मग हिंदीत सांगितलं गेलं, की मस्कतला वादळी पाऊस आहे, उतरायला उशीर होईल. फरिदाबीच्या ओठांवर दुआ होती, पण मधेच शब्द हरवायचे. मग पुन्हा पहिल्यापासून.

शेजारी उमरग्याचा महालिंगप्पा बसला होता. मस्कतला गवंडीकाम करायचा. "मावशी, घाबरू नका. कधी कधी घालतंय असं घिरट्या."

"विमानाचं भ्या न्हाय रं आता," ती म्हणाली. "लेक वाट बघून डोळे मिटंल, याचं हाय."

महालिंगप्पानं पाण्याची बाटली पुढं केली.

विमान उतरलं. बाहेर अक्रम नव्हता. तिचा फोन तिथं चालेना. महालिंगप्पानं आपल्या फोनवरून अक्रमला लावला. दोनदा नुसतीच घंटी वाजली, मग त्यानं उचलला.

"अम्मी, मदिहाला आत घेतलंय. ऑपरेशन हाय. मला हलता येईना."

"तू तिथून हलूच नको. मी येते."

महालिंगप्पाला न्यायला त्याच्या मुकादमाची गाडी आली होती. त्याच गाडीत त्यानं तिला बसवलं. रस्त्यांवर पाणी तुंबलेलं, गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या. फरिदाबीला वाटलं, आभाळातली वाट सरली, पण ही काही सरत नाही.

दवाखान्यात अक्रम भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडाकडं बघायची तिची हिंमत होईना.

"मदिहा?"

"शुद्धीवर हाय. मुलगी झाली. पण लई बारकी. काचेच्या पेटीत ठेवलीय."

मदिहा पांढरीफटक पडली होती. "अम्मी, किती उशीर केलात."

"आले न्हवं," फरिदाबी म्हणाली. लेकीचे गार तळपाय ती चोळत राहिली.

नात बरेच दिवस काचेत होती. रोज सकाळी डॉक्टरीणबाई आत जाऊन येईपर्यंत तिघंही श्वास रोखून उभी राहायची. एका दुपारी नर्सनं तो जीव फरिदाबीच्या मांडीवर दिला. इतका हलका, की आत खरंच कुणी आहे ना, हे तिनं दुपटं सारून पाहिलं. पोरीनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसती जांभई दिली.