काम, मेहनत आणि नोकरी

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हा संग्रामपूरहून खामगावच्या कचेरीत रुजू व्हायला मी कापसाच्या बैलगाडीतून निघालो. गाडीवाल्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वाटेत कुणी भेटलं की तो ओळख करून देई, "बैल काम करतात, मी मेहनत करतो अन् हे साहेब नोकरी करतात."

"फरक काय त्यात?" कापसावर लोळत मी विचारलं.

"बैल थकले का उभे रायतात. मी थकलो का गाणं म्हणतो. तुमची नोकरी तुम्ही झोपले तरी चालूच रायते."

पहिल्या विहिरीवर त्याने आधी बैलांना पाणी पाजलं, मग स्वतः प्याला आणि शेवटी लोटा मला दिला. मला ते लागलं.

पुढे नाल्याच्या गाळात चाक रुतलं. मुकाट्याने कोट काढून मी चाकाला खांदा लावला. गाडी वर निघाली तेव्हा माझं नवं धोतर ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या विहिरीवर बैल प्याले, तसा भरलेला लोटा त्याने माझ्यापुढे धरला.

"अन् तुम्ही?"

"मी पेतो मंग."

नोकरीत पुढे मला दोन बढत्या मिळाल्या. पहिली मात्र तीच.