आयली राउतिओचा छत्तीस सह्यांचा अर्ज

आयली राउतिओ हिला राग लवकर येत नसे. परंतु आलेला राग ती नीट जपून ठेवीत असे. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी तिचे वय सत्तावन्न होते आणि तिच्या रागाचे वय तीन वर्षे होते.

तिचे वडील तांब्याच्या खाणीत कामाला होते. खाण बंद पडल्यावर गावात सरोवर, बर्फ, दोन चर्च आणि म्हातारी माणसे एवढेच उरले. नवरा वारल्यानंतर, अडतिसाव्या वर्षी, आयली गावाबाहेरच्या लाँड्रीत लागली. आसपासच्या चार रुग्णालयांच्या चादरी तेथे धुतल्या जात. आयलीची जागा मोठ्या इस्त्री-यंत्राच्या तोंडाशी होती. तेथे दोन माणसे लागतात. एकाने ओल्या चादरीचे डावे टोक धरायचे, दुसऱ्याने उजवे, आणि दोघांनी एकाच क्षणी ती तापलेल्या रुळांत सोडायची. डावे टोक आयलीकडे आणि उजवे व्हर्ना टुओमिनेनकडे, असे एकोणीस वर्षे चालले होते. व्हर्ना ही कारखान्यातील युनियनची प्रतिनिधीही होती.

या यंत्रावर वाफ बाहेर ओढणारा एक मोठा पंखा होता. तो बंद पडला. बाहेर कमरेइतका बर्फ असताना आत घामाने भिजलेला सदरा पिळून घ्यावा लागे. जुलै महिन्यात दोन बायका घेरी येऊन पडल्या. आयलीने रीतसर तक्रार लिहून दिली आणि व्हर्नाने ती दक्षिणेकडच्या शहरात, युनियनचे अधिकारी व्हॉस यांच्याकडे पाठवली.

"पाठवलीस का गं?" आयली दर सोमवारी विचारी.

"पाठवली म्हणून सांगितलं ना."

"मग?"

"मग काय मग! माणूस फोनच उचलत नाही."

"तुझासुद्धा?"

"माझा तर मुळीच नाही. नंबर ओळखतो तो माझा."

असे तीन उन्हाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी आयलीने हातातले टोक यंत्रात सोडता सोडता सांगितले, "व्हर्ना, ही युनियन मी काढून टाकणार. ती मध्ये आहे तोवर साहेब आपलं ऐकायचे नाहीत."

व्हर्ना हसली. आयली हसली नाही.

तिने सरकारी कामगार मंडळाच्या कचेरीत फोन करून नियम समजून घेतले. नियम पुष्कळ होते. निदान तीस टक्के कामगारांच्या सह्या हव्यात, तरच मंडळ गुप्त मतदान घेणार. प्रत्येक सहीपुढे तारीख हवी. सह्या कामाच्या वेळेत घ्यायच्या नाहीत. मालकाच्या माणसांची कसलीही मदत घ्यायची नाही. आणि अर्ज करायचा तो युनियनचा मालकाशी झालेला करार संपण्यापूर्वीच्या नव्वदाव्या आणि साठाव्या दिवसाच्या मधल्या महिन्याभरातच. त्याच्या एक दिवस आधी केला तरी परत येणार.

आयली जेवणाच्या सुट्टीत आणि गाड्या लावण्याच्या जागेत वही घेऊन फिरू लागली. पहिले दोन कागद वाया गेले, कारण अकरा जणांनी तारीखच घातली नव्हती. त्या अकरा जणांकडे तिला पुन्हा जावे लागले. त्यांतल्या तिघांनी आपण कशावर सही केली होती, असे तिलाच विचारले.

मॅनेजर प्रुइट यांना बातमी लागली. ते हसतमुखाने तिच्यापाशी आले.

"आयली, कागदांच्या प्रती हव्या असतील तर माझ्या ऑफिसातलं मशीन आहे हं. संकोच करू नकोस."

"साहेब, तुम्ही या कागदाला बोट लावलंत तर माझा अर्ज कचऱ्यात जाईल. हात लावायचाच असेल तर पंख्याला लावा."

प्रुइट परत गेले. पंख्याला त्यांनीही हात लावला नाही.

अठ्ठावन्न कामगारांपैकी छत्तीस जणांनी आयलीच्या अर्जावर सही केली. अर्ज वेळेत गेला. तिला वाटले, काम झाले. त्याच आठवड्यात व्हर्नानेही एक कागद फिरवला: युनियन राहावी. त्यावर एक्केचाळीस सह्या झाल्या. आयलीने दोन्ही आकड्यांची बेरीज तीनदा करून पाहिली. अठ्ठावन्न माणसांनी सत्त्याहत्तर सह्या केल्या होत्या.

तिने लाँड्रीची गाडी चालवणारा ऊनो लाहती याला दारातच अडवले. "ऊनो, तू दोन्हीकडे सही केलीस?"

"केली."

"लाज वाटत नाही?"

"कसली लाज? तू मागितलीस, तुला दिली. तिनं मागितली, तिला दिली. शनिवारी तिच्या नवऱ्याबरोबर सौनात घाम काढत बसायचं असतं मला. तुझ्या घरची कॉफीही प्यायची असते. नाही कुणाला म्हणू?"

"अरे, मग तुझं स्वतःचं मत काय आहे?"

"ते पेटीत टाकीन की," ऊनो म्हणाला आणि गाडीत चढला.

ही त्या गावाची रीतच होती. समोर उभ्या असलेल्या माणसाला तेथे कोणी नाही म्हणत नसे. या अर्जापूर्वी आयलीने स्वतःही कोणाला नाही म्हटले नव्हते, आणि तेव्हा तिला ते कधी खटकले नव्हते.

मंडळाने मतदानाची तारीख ठरवली आणि चौथ्या दिवशी व्हॉस साहेब अवतरले. दोन पेट्या डोनट घेऊन ते कँटीनच्या दारात उभे राहिले आणि प्रत्येकाचे नाव घेऊन हात मिळवू लागले.

"आयली! मी खास तुमच्यासाठी आलोय."

"तीन वर्षं रस्ता सापडत नव्हता वाटतं?"

"इकडचा बर्फ तुम्हाला माहीतच आहे."

"जुलैमध्ये?"

व्हॉस यांनी डोनटची पेटी तिच्यापुढे धरली. तिने घेतला नाही. "युनियन टिकू दे," ते म्हणाले, "मतदानानंतर पहिलं काम तुमचा पंखा."

ती तडक प्रुइट यांच्याकडे गेली. प्रुइट म्हणाले, "माझी फार इच्छा आहे गं. पण मतदानाआधी मी काही कबूल केलं तर ती लालूच ठरेल. कायदा आहे. मतदान होऊ दे."

आयलीला भिंतीवर डोके आपटावेसे वाटले. पंख्यासाठी तिने मतदान मागितले होते, आणि आता मतदानामुळे पंखा अडला होता.

यंत्रापाशी दोघी पूर्वीप्रमाणेच उभ्या राहत होत्या. चादर सरळ जात होती. बोलणे बंद होते. एकदा मात्र व्हर्नाला राहवले नाही.

"मला हाकलायचंय तर सरळ तोंडावर सांग ना."

"तुला नाही गं, त्या व्हॉसला."

"व्हॉस इथे कधी उभा असतो? त्याच्या नावानं शिव्या कोण खातं? मीच ना? मग मलाच."

"बारा वेळा फोन केलास त्याला. एकदा तिकडे जाऊन त्याच्या दारात बसायचं होतंस!"

"आठ तास गाडी हाकत? तुझ्या पंख्यासाठी?"

"माझा पंखा? तुझ्या डोक्यावर काय झाड आहे का सावलीला?"

मतदानाच्या दिवशी मंडळाच्या बाई आल्या. कँटीनच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. मतपत्रिकेवर प्रश्न असा होता, की ही युनियन तुमच्या वतीने बोलावी अशी तुमची इच्छा आहे काय. म्हणजे ज्याला युनियन काढून टाकायची आहे त्याने 'नाही' यापुढे खूण करायची. हे आयलीने आदल्या आठवड्यात प्रत्येकाला समजावून सांगितले होते. प्रत्येकाने मान डोलावली होती, आणि त्या मानांवर तिचा आता काडीचाही विश्वास उरला नव्हता.

पंचावन्न जणांनी मत दिले. युनियनच्या बाजूने पंचवीस, विरुद्ध तीस. व्हॉस यांनी कोट उचलला आणि कोणाचेही नाव न घेता ते निघून गेले. हरकत घेण्याची मुदत संपली. कोणी हरकत घेतली नाही. कारखान्यात युनियन उरली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आयली पायऱ्या चढून प्रुइट यांच्या ऑफिसात गेली. "साहेब, आता कोणी मध्ये नाही. पंखा."

"तुझं अभिनंदन करायचंच राहिलं. हे बघ, मुख्य ऑफिसला विचारावं लागेल. तू असं कर, सूचनापेटीत एक चिठ्ठी टाक."

आयलीने भिंतीलगतची खुर्ची ओढली आणि ती बसली.

"हे काय?"

"बसले आहे."

"सुट्टी संपली, आयली. भोंगा झाला."

"ऐकला मी."

"एकटी अशी बसून राहिलीस तर मला तुला घरी पाठवावं लागेल. आणि घरून परत बोलावीनच असं नाही."

तिच्या घराच्या कर्जाचे अजून चार वर्षांचे हप्ते होते. तरी ती उठली नाही. उठावे कसे हेच तिला समजेना. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली आणि व्हर्ना आत आली. तिचा चेहरा उकाड्याने आणि संतापाने लालबुंद झाला होता.

"मूर्ख बाई," ती आयलीला म्हणाली, "एकटी कशाला आलीस? एकटी बसली तर ती तुझी कुरकुर. दोघी बसल्या तर कायदा पाठीशी असतो. युनियन असो वा नसो. सरक तिकडे."

"हे ठाऊक होतं, तर तीन वर्षं काय करत होतीस?"

"फोन करत होते! सरक म्हटलं ना."

खाली यंत्र थांबले होते. प्रुइट यांनी खिडकीतून त्याकडे पाहिले, मग या दोघींकडे पाहिले, आणि कपाळ चोळले. "बरं. तुमच्या वतीने बोलणार कोण?"

"ही," आयली म्हणाली.

"मी का? मला काढलंयस तू. तूच बोल."

"तुला येतं बोलता."

"आणि तुला येत नाही? तीन महिने गावभर दुसरं काय करत होतीस?"

"अहो, कोणीतरी एक बोला!" प्रुइट ओरडले.

तेव्हा दोघी एकदमच बोलू लागल्या. एकीचे दुसरीला पटत नव्हते आणि आवाज जिन्याखालपर्यंत जात होता. प्रुइट यांनी एका कानावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने पंखे दुरुस्त करणाऱ्याचा नंबर शोधायला सुरुवात केली.